गांडुळाला पाय कोणी दिले?

एक प्राणी आहे. त्याला पाय नाहीत. दोन नाहीत, चार नाहीत, एकसुद्धा नाही. तरीही आपल्याकडच्या जुन्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'गाठींच्या पायांचा'. आता बोला!

तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे हा. पाऊस पडून गेला की अंगणात, शाळेच्या मैदानावर, सोसायटीच्या फरशीवर हमखास भेटतो. लालसर तपकिरी, ओला, लांबुळका. काही जण त्याला बघून 'ईऽऽ' करत पळतात. काही जण त्याला काडीवर उचलतात आणि शेजारच्याच्या वहीवर अलगद ठेवतात. (ठेवणाऱ्यांनो, मी तुम्हाला ओळखून आहे.) बरोबर. गांडूळ!

वर्गात बाईंनी हा शब्द उच्चारला की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते, हेही मला ठाऊक आहे. हसून घ्या. झालं? मग आता हा शब्द आला कुठून ते बघू. त्याची गोष्ट तुमच्या खुसखुशीपेक्षा पुष्कळ मजेदार आहे.

संस्कृतात गांडुळाला म्हणतात गण्डूपद. गण्डू म्हणजे गाठ, सांधा. पद म्हणजे पाय. ज्याचे पाय गाठींचे, तो गण्डूपद. बौद्धांचे जुने ग्रंथ ज्या पाली भाषेत आहेत तिथेही हाच शब्द भेटतो, फक्त थोडा मऊ होऊन: गण्डुप्पाद. यातला 'गंड' तुम्हाला अगदीच अनोळखी नाही. गळ्याला गाठी आल्या की जुनी माणसं त्याला 'गंडमाळा' म्हणत. ऊस सोलून त्याचे तुकडे केले की त्या झाल्या 'गंडेऱ्या'. ऊस म्हणजे तरी काय? एक पेर, मग गाठ, पुन्हा पेर, पुन्हा गाठ. गांडूळ नीट बघितलंत तर त्याचंही तसंच. एक कडं, त्याला लागून दुसरं कडं, तिसरं, चौथं... अशी शंभराच्या वर.

पण थांबा. गण्डूपदात तर ळ कुठेच नाही. मग आपल्या गांडुळाच्या शेपटीला हा ळ चिकटला कधी?

जैन लोकांचा 'जीवविचार' नावाचा एक जुना प्राकृत ग्रंथ आहे. जगात कोणकोणते जीव आहेत आणि कोणाला किती इंद्रियं आहेत याची त्यात यादीच आहे. दोन इंद्रियांचे जीव, म्हणजे ज्यांना फक्त स्पर्श कळतो आणि चव कळते असे, या गटात शंख आहे, कवडी आहे, जळू आहे आणि 'गंडुल' आहे. सापडला की नाही आपला ल?

आता एक छोटा खेळ. मराठी भाषेला शब्द वापरून वापरून काही सवयी लागल्या आहेत. जुना दण्ड आपल्याकडे आला आणि त्याचा झाला दांडा. खण्ड आला, झाली खांड, म्हणजे साखर. 'अण्ड' असं जोर देऊन म्हणायचं सोडून आपण 'आंड' असं लांबवतो. दुसरी सवय अशी की शब्दाच्या आत किंवा शेवटी असलेला ल आपल्या जिभेवर येऊन ळ होतो. फल म्हटलं की फळ, कमल म्हटलं की कमळ, काल म्हटलं की काळ. या दोन सवयींतून 'गंडुल' काढा बघू. पाटी-पेन्सिल घेण्याचीही गरज नाही, तोंडातल्या तोंडात म्हणून बघा. आलं ना गांडूळ?

या घराण्यातली भावंडंही आहेत. पंजाबीत त्याला म्हणतात गंडोआ. नेपाळीत गड्यौला. पुण्यातून निघून काठमांडूला जा, गांडूळ दाखवा, आणि तिथलं पोरगं जे नाव घेईल ते तुम्हाला चुलतभावाच्या नावासारखं वाटेल. हिंदीतला केंचुआ आणि बंगालीतला केंचो मात्र वेगळ्या घरचे. त्यांचा संबंध किञ्चुलक या दुसऱ्या संस्कृत शब्दाशी. अमरकोश नावाचा संस्कृत शब्दांचा जुना कोश आहे, त्यात गण्डूपद आणि किञ्चुलक शेजारी शेजारी बसलेले दिसतात. आणि तेही कुठे? वारिवर्गात, म्हणजे पाण्याच्या प्रकरणात, मासे-कासवं-जळवांच्या सोबतीला! जमिनीतलं गांडूळ पाण्यात कसं पोहोचलं? पावसात ते हमखास दिसतं म्हणून, असा माझा आपला अंदाज. पावसाचं प्रकरण पुढे येतंच आहे.

त्याआधी एक जरा 'ईऽऽ' वाटेल अशी गोष्ट सांगून टाकते. जीवविचारातला गंडुल हा मातीतला नाही. तो पोटातला जंत आहे! सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातसुद्धा पोटातल्या कृमींच्या नावांत गण्डूपद हे नाव आहे. कारण उघड आहे. मोठा जंत दिसायला गांडुळासारखाच. आता गंमत बघा. इकडून हजारो किलोमीटर दूर, रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत गांडुळाला म्हणत लुम्ब्रिकस, आणि पोटातल्या जंतालाही लुम्ब्रिकसच. पुढे 1758 मध्ये कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने प्राण्यांना शास्त्रीय नावं दिली, तेव्हा त्याने गांडुळाला नाव दिलं लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस, म्हणजे जमिनीवरचं गांडूळ. आणि माणसाच्या पोटातल्या गोल जंताला नाव दिलं अस्कॅरिस लुम्ब्रिकॉइडिस, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा. शाळेत जंतनाशक दिनाला तुम्ही जी गोळी चावून खाता ना, ती याच महाशयांना हाकलण्यासाठी. खरं गांडूळ आणि जंत यांचं नातं मात्र काहीच नाही. जंताच्या अंगावर कडी नसतात, तो गुळगुळीत असतो. दोघांच्या दिसण्यावर दोन देशांतली मोठमोठी माणसं भुलली, एवढंच.

बरं, पुन्हा पायांकडे येऊ. ज्याने कोणी गण्डूपद हा शब्द पहिल्यांदा वापरला, त्याने गांडुळाला चालताना किती बारकाईने पाहिलं असेल! तुम्हीही पाहा. पावसाळ्यात फार शोधावं लागणार नाही. गुडघे टेकून बसा आणि डोळे जमिनीजवळ न्या. आधी पुढचा भाग बारीक आणि लांब होतो. मग तो जाड आणि आखूड होतो. ही जाडी हळूहळू मागे मागे सरकत जाते. तेवढ्यात पुढचा भाग पुन्हा बारीक होऊन पुढे गेलेला असतो. हाड एकही नाही. मग हे ढकलाढकलीचं काम करतं कोण?

गांडुळाच्या कातडीखाली स्नायूंचे दोन थर असतात. एक थर अंगाभोवती गोल गोल फिरलेला, दुसरा डोक्यापासून शेपटीपर्यंत उभा. आणि प्रत्येक कड्याच्या आत द्रव भरलेला. लांबट फुग्यात पाणी भरून तो मधेच मुठीत आवळलात तर काय होतं? मुठीतला भाग बारीक होतो आणि पाणी पुढे सरकून फुगा लांब होतो. गोल स्नायू आवळले की गांडुळाचं तेच होतं. उभे स्नायू आवळले की उलटं, कडं आखूड होतं आणि फुगतं. शिवाय दोन कड्यांच्या मधे पडदे असल्यामुळे ही आवळाआवळ एका वेळी थोड्याच कड्यांपुरती करता येते. म्हणून ती लाट अंगावरून अशी शिस्तीत सरकते.

पण नुसतं लांब-आखूड होऊन कोणी पुढे जात नाही. तसं केलं तर पुढचा भाग जितका पुढे जाईल तितकाच मागे घसरेल. कुठेतरी पाय रोवायला हवा. आणि इथे त्या नाव ठेवणाऱ्याला माझा सलाम! गांडुळाच्या कड्यांवर अगदी बारीक, ताठ केस असतात. त्यांना म्हणतात दृढरोम. केस म्हटलं तरी ते मऊ नसतात. झुरळाचं कवच ज्या कायटिनचं असतं, त्याच पदार्थाचे हेही. जो भाग जाड होऊन टेकलेला असतो तिथले केस बाहेर येऊन मातीत रुततात. जो भाग बारीक होऊन सरकत असतो तिथले आत ओढले जातात. रोवायचं, ओढायचं, सोडायचं. म्हणजे प्रत्येक कडं, प्रत्येक गाठ, खरोखर पायाचं काम करते. भिंग नव्हतं, सूक्ष्मदर्शक नव्हता, आणि तरी नाव ठेवलं गाठींच्या पायांचा!

किती केस? विलायती लुम्ब्रिकसच्या एका कड्यावर आठच. आपल्याकडच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत ज्याचं चित्र असतं ते फेरेटिमा मात्र श्रीमंत. त्याच्या एका कड्यावर 80 ते 120 केस असतात, अंगाभोवती गोल रांगेत. कडी शंभर ते एकशेवीस. पहिल्या आणि शेवटच्या कड्यावर नसतात, गळ्याजवळच्या जाड पट्ट्यावर नसतात, ते वजा करा. तरी हिशेब दहा हजारांच्या घरात जातो. गोमेला शंभर पाय म्हणून आपण तोंडात बोट घालतो, आणि हा बिनपायाचा दहा हजार रोवण्या घेऊन हिंडतोय.

हे केस दिसत नाहीत, पण ऐकू येतात. खोटं वाटतं? एक गांडूळ ओल्या हाताने हळूच उचला आणि जाडसर कोऱ्या कागदावर ठेवा. पंखा बंद करा. टीव्ही बंद करा. धाकट्या भावंडालाही शक्य झालं तर बंद करा. आता कान कागदाजवळ न्या. गांडूळ सरकायला लागलं की कागदावर बारीक खरखर ऐकू येते. नंतर त्याच्या पोटाच्या बाजूवरून ओलं बोट हलकेच फिरवून बघा, कुसळांसारखं काहीतरी टोचल्याचं जाणवेल. प्रयोग दोन-तीन मिनिटांत आटपा आणि गांडूळ ओल्या मातीत सोडून द्या. कोरड्या कागदावर त्याचा जीव गुदमरतो. का गुदमरतो ते आता येईलच. आणि हो, हात धुवा.

हीच रोवणी बघायची आणखी एक जागा आहे. पाऊस थांबल्यावर हिरवळीवर साळुंकी येते. बिळातून डोकावणारं गांडूळ चोचीत धरते आणि ओढायला लागते. गांडूळ ताणलं जातं, ताणलं जातं, पण सुटत नाही. साळुंकी पाय रोवून मागे रेलते. खाली मातीच्या आत गांडुळाने मागच्या कड्यांचे केस बिळाच्या भिंतीत रुतवलेले असतात. कधी साळुंकी जिंकते, कधी नाही.

आता पाऊस. तेलुगू मुलांना विचारा गांडुळाला काय म्हणतात. ती सांगतील वानपामु. वान म्हणजे पाऊस, पामु म्हणजे साप. पावसातला साप! जर्मन लोक म्हणतात रेगेनवुर्म, पावसाचा किडा. डच लोकांचं रेगेनवॉर्म तेच. तेलंगणातल्या आणि जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी एकमेकांना विचारून काही नाव ठेवलं नसणार. दोघांनी एकच गोष्ट पाहिली. स्वीडन आणि फिनलंडच्या लोकांनी मात्र पावसापेक्षा दव पाहिलं. त्यांच्या शब्दांचा अर्थ आहे दवातला किडा. तिकडे थंड रात्री गवत दवाने भिजतं आणि मग गांडुळं वर येतात. म्हणजे सगळ्यांनी ओल पाहिली, आपापल्या हवामानातली.

ओल कशाला हवी? गांडुळाला नाक नाही, फुप्फुसं नाहीत. ते कातडीने श्वास घेतं. हवेतला ऑक्सिजन आधी कातडीवरच्या ओलाव्यात विरघळतो, मग आत रक्तात जातो. कातडी सुकली की श्वास बंद. म्हणून उन्हाळ्यात गांडुळं मातीत खोल जातात. काही जाती तर खाली एक छोटी खोली करतात, तिच्या भिंती चिकट द्रवाने सारवतात आणि स्वतःभोवती गुंडाळून घेऊन गाठ मारल्यासारख्या पडून राहतात. सुटी संपेपर्यंत झोपायची परवानगी असलेला हा एकमेव विद्यार्थी असावा. मृगाचा पाऊस आला की ही गाठ सुटते.

पण मग पाऊस आल्यावर मातीतच का नाही बसत? बाहेर येऊन आपल्या चपलांखाली का येतात? मोठी माणसं सांगतात की बिळात पाणी शिरतं आणि गांडुळं बुडतात म्हणून. हे अर्धंच खरं आहे. पाण्यात हवा मिसळलेली असेल तर काही जातींची गांडुळं कित्येक दिवस पाण्याखाली जिवंत राहतात. पाण्याने त्यांना थेट काही होत नाही. अडचण वेगळी आहे. मातीच्या कणांमधे ज्या बारीक जागा असतात त्यांत एरवी हवा असते. तिथे पाणी भरलं की ऑक्सिजन फार हळू पोहोचतो, कारण ऑक्सिजन हवेतून जितक्या सहज पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यातून पसरतो. ज्या जातींना ऑक्सिजन जास्त लागतो त्या वर येतात. काही गांडुळांचं मात्र वेगळंच असावं. एरवी जमिनीवरून प्रवास म्हणजे सुकून मरायची भीती. सगळीकडे ओल आहे, तर नवी जागा बघून घेऊ, असा त्यांचा बेत असतो, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. फरशीवर दिसलेलं प्रत्येक गांडूळ बुडता बुडता वाचलेलं नसतं. कोणी कोणी नुसतंच गावाला निघालेलं असतं. मग ऊन येतं, फरशी तापते, आणि परतीची वाट सापडत नाही. अशा वेळी काडीने उचलून कुंडीत टाकलंत तर मी तुम्हाला वहीवाली गोष्ट माफ करीन.

काही लोकांनी ना पाऊस पाहिला, ना गाठी. त्यांचं सगळं लक्ष जेवणावर! मल्याळममधे गांडूळ म्हणजे मण्णिर. मण्ण् म्हणजे माती आणि इर म्हणजे भक्ष्य, आमिष. माशाला दाखवायचं मातीतलं आमिष. कानडीतला शब्द एरेहुळु. हुळु म्हणजे किडा. आणि एरे या शब्दाने गळाला लावायचं आमिषही कळतं आणि काळी मातीही. इंग्रजीतही गांडुळाला एक जुनं नाव आहे, अँगलवर्म, म्हणजे गळाला लावायचा किडा. आपल्या कोकणात गरी (गळ) घेऊन व्हाळावर (ओढ्यावर) गरवायला जाणारी मुलं याच कामासाठी ओली माती उकरतात. फक्त ती गांडुळं शोधत नाहीत, काडू शोधतात! मालवणी मुलखात गांडुळाला म्हणतात काडू.

आमिषासाठी माती उकरायचाही कंटाळा येणारे लोक जगात आहेत. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सॉपचॉपी नावाचं गाव आहे. तिथले लोक जंगलात लाकडी खुंटी ठोकतात आणि तिच्यावर लोखंडाची पट्टी घासतात. घर्रर्र घर्रर्र असा आवाज होतो, जमीन थरथरते आणि आजूबाजूची गांडुळं भराभरा वर येतात. लोक डबे भरून घेतात. गांडुळांना यात काय आवडतं? काहीच नाही. 2008 मध्ये केनेथ कॅटानिया या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की ही थरथर तिथल्या चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या 'मोल' नावाच्या प्राण्याच्या खणण्यासारखी असते. मोल गांडुळं खातो. तो आला असं समजून बिचारी जीव वाचवायला वर पळतात.

थरथर कळते म्हणजे गांडुळाला कान असतात का? हा प्रश्न चार्ल्स डार्विनलाही पडला होता. उत्क्रांतीवाला तोच डार्विन. इंग्लंडमधल्या त्याच्या घरी त्याने कुंड्यांमधे गांडुळं पाळली होती. त्यांच्याजवळ धातूची शिट्टी फुंकून झाली. बसून नावाचं मोठं, घुमणाऱ्या आवाजाचं वाद्य वाजवून झालं. ओरडून झालं. पियानोजवळ कुंड्या ठेवून जोरजोरात पियानो वाजवून झाला. गांडुळं ढिम्म! मग त्याने कुंड्या पियानोच्या वरच ठेवल्या आणि एक खालचा सूर दाबला. त्याबरोबर गांडुळं सुळकन बिळात. आवाज ऐकू येत नाही, पण पायाखालची जमीन थरथरली की कळतं. ते घर कसलं असेल विचार करा. दाढीवाले आजोबा कुंडीतल्या गांडुळांना मैफल ऐकवताहेत आणि घरातल्या कोणालाच त्यात काही विचित्र वाटत नाही!

डार्विनने गांडुळांवर पहिला निबंध वाचला 1837 मध्ये आणि त्यांच्यावरचं पुस्तक छापलं 1881 मध्ये. मधे 44 वर्षं. ते त्याचं शेवटचं पुस्तक. इतकी वर्षं तो बघत काय होता? तमिळ लोकांनी त्याच्या कितीतरी आधी एका शब्दात सांगून ठेवलं होतं ते. तमिळमधे गांडूळ म्हणजे मण्पुळु, मातीचा किडा. गांडूळ मातीत राहतं, माती खातं आणि माती हगतं. (पुन्हा हसलात? हे शास्त्र आहे.) मातीबरोबर पोटात गेलेला पालापाचोळा ते पचवतं आणि उरलेली बारीक, मऊ माती बिळाच्या तोंडाशी टाकतं. पावसाळ्यात गवतात शेवेच्या वेटोळ्यांसारखे किंवा बारीक गोळ्यांचे ढीग दिसतात ना, तीच ही विष्ठा. डार्विनने ती गोळा करवली, वाळवली, तोलली. त्याचा हिशेब असा निघाला की इंग्लंडमधे पुष्कळ ठिकाणी एका एकरात वर्षाला दहा टनांहून जास्त कोरडी माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. एक ट्रकभर! शेतात पसरलेला चुना, जळक्या कोळशाचे तुकडे, लहान दगडसुद्धा वर्षानुवर्षं अशी माती वर साचत गेल्याने आपोआप खाली गाडले जातात, हेही त्याने मोजून दाखवलं.

आपल्याकडच्या गावांमधली नावं अजून राहिलीच. काडू झाला. कुठे त्याला म्हणतात वाळा, कुठे शिदोड, कुठे दानवं, कुठे हिंदीला जवळचं केचवं. आयुर्वेदातल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत तोच भूनाग आहे, जमिनीतला नाग. चिनी औषधांमधे वाळवलेल्या गांडुळाचं नाव तर त्याहून झोकात: दीलोंग, जमिनीतला ड्रॅगन! बोटभर प्राणी, पण नाव केवढं. संस्कृतात महीलता असंही एक नाव आहे, म्हणजे जमिनीवरची वेल. हे फार सुंदर आहे, पण मला विचाराल तर पहिला नंबर गण्डूपदाचाच. वेल म्हणणाऱ्याने ते पडलेलं पाहिलं, गण्डूपद म्हणणाऱ्याने चालताना पाहिलं.

सर्वात वाईट नाव कोणतं, तेही सांगते. मोठी माणसं भांडताना, विशेषतः निवडणुकीच्या दिवसांत, एकमेकांना 'दुतोंडी गांडूळ' म्हणतात. इकडूनही तोंड, तिकडूनही तोंड, कोणत्या बाजूला जाईल भरवसा नाही, असं त्यांना सुचवायचं असतं. गांडुळावर हा धडधडीत अन्याय आहे. त्याला तोंड एकच, पहिल्या कड्यात. कुठलं टोक डोक्याचं हे ओळखणंही सोपं आहे. मोठ्या गांडुळाच्या अंगावर एक गुळगुळीत, जाडसर पट्टा असतो, तो ज्या टोकाच्या जवळ, तिकडे डोकं. अंडी ज्या कोशात असतात तो कोश याच पट्ट्यावर तयार होतो. आणि कुठलंही गांडूळ मधे कापलं की दोन गांडुळं होतात, हीसुद्धा अफवाच. बहुतेक जातींत फार तर डोक्याकडचा भाग जगतो आणि त्याला नवी शेपटी येते. शेपटीकडच्या तुकड्यातून दुसरं गांडूळ सहसा उभं राहत नाही. कोणी कापून बघू नका.

हे दुतोंडी प्रकरण मला वाटतं मांडुळामुळे झालं असावं. मांडूळ आणि गांडूळ, यमक छान जुळतं, पण मांडूळ हा साप. जाडजूड, बिनविषारी, मातीत राहणारा. त्याची शेपटी तोंडाइतकीच बोथट असते, म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात. पूर्वी काही गारुडी त्या शेपटीवर खोट्या डोळ्या-तोंडाच्या खुणासुद्धा करत. गुप्तधन शोधून देतो अशा खुळचट समजुतीपायी त्याची चोरटी विक्री होते, आणि पकडले गेलेले लोक तुरुंगात जातात. त्यालाही तोंड एकच आहे.

आणि आता शेवटचा भिडू. सह्याद्रीत, कोकणात, पावसाळ्यात दगडाखाली किंवा भुसभुशीत मातीत कधी कधी एक मोठं, चकचकीत गांडूळ सापडतं. अंगावर कडी आहेत, पाय नाहीत, डोळेही दिसत नाहीत. पण ते गांडूळ नाही! मराठीत त्याला म्हणतात देवगांडूळ. तो बेडकांच्या नात्यातला उभयचर प्राणी आहे. त्याच्या आत पाठीचा कणा आहे, डोळे आहेत पण कातडीखाली झाकलेले, आणि डोळा व नाकपुडी यांच्या मधे वास घ्यायला मदत करणारी एक बारीक मिशी आहे. आंबोलीच्या घाटमाथ्यावर मिळालेल्या एका जातीचं वर्णन शास्त्रज्ञांनी 2003 मध्ये केलं आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतले जे. सी. डॅनियल यांच्यावरून तिचं नाव ठेवलं गेगेनिओफिस डॅनिएली.

तेव्हा पुढच्या पावसात मोठंसं गांडूळ दिसलं की आधी तोंडाकडे बघा. जबडा दिसला, त्यात बारीक बारीक दात दिसले, तर समजा हे देवगांडूळ आहे आणि ते बहुधा जेवायला बाहेर पडलंय. जेवणात त्याला आवडतं काय? गांडूळ!